घाटावरचा कचरा मोजला, आता आकड्यांचे काय करायचे? नदीकाठच्या कचरा-नोंदींचे विश्लेषण, अगदी पहिल्या रकान्यापासून

समजा, पैठणला गोदाकाठी एका कॉलेजच्या मुलामुलींनी वर्षभरात मोजणीच्या आठ फेऱ्या केल्या आणि कचऱ्याच्या १,३२४ वस्तू मोजल्या. अहवाल लिहायला बसले की पहिला मोह होतो तो ‘आमचा नमुना १,३२४ चा’ असे लिहिण्याचा. हा नमुना १,३२४ चा नाही, ८ चा आहे. एका सकाळी काठाच्या एका टप्प्यात सापडलेल्या गुटख्याच्या दोनशे पुड्या बहुधा एकाच कारणाने तिथे आलेल्या असतात. आदल्या दिवशी बाजार होता, यात्रेकरूंच्या बसगाड्या आल्या होत्या किंवा वारा घाटाकडे होता. त्या पुड्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. स्वतंत्र असते ती फेरी. पुढची सगळी गणिते या एका गोष्टीवर उभी आहेत. ती विसरली की टक्केवारी, आलेख, संख्याशास्त्राच्या चाचण्या सगळे काही नको तितके खात्रीशीर दिसू लागते.

ही मोजणीची पद्धत समुद्रकिनाऱ्यांवर घडली. ईशान्य अटलांटिक किनाऱ्यावरचे देश ऑस्पार या सागरी पर्यावरणाच्या संरक्षणासाठीच्या कराराखाली ठरावीक १०० मीटरच्या पट्ट्यात वर्षातून चार वेळा वस्तू मोजतात. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या एका पद्धतीत १०० मीटरपैकी ५ मीटर रुंदीचे चार पट्टे चिठ्ठ्या टाकून निवडतात. मराठवाड्याला समुद्र नाही, पण नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, लांबलचक काठ आहे, पैठण, गंगाखेड, नांदेडचे घाट आहेत. इथे काठावर पडलेली कॅरीबॅग पुराच्या पाण्यात सापडली की तिची वाट तेलंगण, आंध्रातून बंगालच्या उपसागराकडेच जाते. म्हणून पद्धत तीच वापरता येते, मात्र तीन-चार ठिकाणी ती आपल्या काठाला जुळवून घ्यावी लागते.

मोजणीतच चुकले ते संगणकावर सुधारत नाही

टप्पा १०० मीटरचा घ्या. ३० मीटरची टेप असेल तर तीन वेळा पूर्ण आणि चौथ्या वेळी १० मीटर. दोन्ही टोकांना कायमची खूण निवडा: दीपमाळ, विजेचा खांब, पायऱ्यांचा कोपरा. खुंटी ठोकून ठेवली तर पुढच्या फेरीला ती सापडेलच असे नाही. घाट १०० मीटरचा नसेल तर आहे तेवढी लांबी घ्या आणि ती दर फेरीला लिहा.

रुंदीचा प्रश्न इथे समुद्रापेक्षा अवघड आहे. भरती-ओहोटीचे पाणी रोज ठरावीक पट्ट्यात ये-जा करते. धरणाचे पाणी उन्हाळ्यात दूरवर मागे सरते आणि काठाला उघडी गाळजमीन पडते. मेमध्ये पाण्यापासून झाडीपर्यंत मोजले तर पट्टा ऑक्टोबरच्या कितीतरी पट रुंद होईल आणि कचरा ‘वाढलेला’ दिसेल. त्यामुळे उघड्या काठावर पाण्याच्या कडेपासून वर १० मीटर, एवढाच पट्टा धरा. घाटावर पाण्याला लागलेल्या पायरीपासून सर्वांत वरच्या पायरीपर्यंत धरा आणि किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत ते लिहा. घाट आणि उघडा काठ यांचे आकडे एका सरासरीत कधीच मिसळू नका. नाथसागराचा परिसर पक्षी अभयारण्य आहे. तिथे फेरी करायची तर वन विभागाची परवानगी आधी घ्या आणि काठावर घरटी दिसली तर तो भाग सोडून टप्पा निवडा.

काय मोजायचे? २.५ सेंटिमीटरपेक्षा मोठी मानवनिर्मित वस्तू. बाटलीची झाकणे आणि सिगारेटची थोटके आकाराने या मर्यादेच्या अगदी सीमेवर येतात, पण ती मोजायचीच. निर्माल्यातली फुले-पाने मोजू नका. त्यातला प्लास्टिकचा हार, चमकीची पन्नी, थर्माकोल मोजा. गुटख्याच्या पुडीकडे जरा जवळून पाहा. पुडी दाताने किंवा नखाने कोपऱ्यातून फाडतात आणि तो इवलासा कोपरा वेगळा पडतो. नवखा माणूस पुडी एक आणि कोपरा एक असे दोन धरतो, सरावलेला एकच धरतो. दुधाच्या पिशवीचेही तसेच. नियम सरळ आहे: २.५ सेंटिमीटरच्या आतला कोपरा सोडायचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे; तेव्हा या रकान्यातला आकडा नगरपरिषदेत कोणीतरी नक्की विचारणार, तो नेमका असायला हवा.

थर्माकोलची ताटली फुटली की तिचे तीस तुकडे होतात. तुकडे मोजा, पण ‘थर्माकोल, अखंड’ आणि ‘थर्माकोल, तुकडे’ असे दोन वेगळे प्रकार ठेवा. पुढे एकूण बेरीज तुकड्यांसह आणि तुकड्यांशिवाय, दोन्ही काढता येते.

मोजणाऱ्यांमधला फरक एकदा तरी तपासा. एकाच २० मीटरमध्ये काहीही न उचलता दोघांनी वेगवेगळे मोजायचे. एकाचे ४६ आणि दुसऱ्याचे ५८ आले तर फरक १२, सरासरी ५२, म्हणजे २३ टक्के. एवढ्या फरकावर पुढे ‘कचरा १५ टक्क्यांनी घटला’ असे म्हणण्यात अर्थ नाही. दोघांनी परत एकत्र फिरून कुठे चुकते ते पाहावे. बहुतेक वेळा चूक सापडते ती पायऱ्यांच्या खोबणीत अडकलेल्या पुड्यांत आणि गाळात अर्ध्या रुतलेल्या पिशव्यांत.

हातमोजे, चिमटा, गोणी ही तयारी नेहमीचीच. काच आणि सुया हाताने उचलू नयेत.

तक्ता: एका ओळीत एकच गोष्ट

कागदावर पाच-पाचच्या रेघा मारून मोजले तरी संगणकात भरताना दोन तक्ते करा. पहिला फेऱ्यांचा: फेरी क्रमांक, ठिकाण, तारीख, लांबी, पाण्याबाहेरच्या पायऱ्या, मोजणारे किती, मागच्या फेरीनंतर सफाई झाली का, धरणातून पाणी सोडले का, जवळचा सण किंवा यात्रा आणि तिच्यापासूनचे दिवस. दुसरा वस्तूंचा. त्यात तीनच रकाने: फेरी क्रमांक, वस्तूचा क्रमांक, संख्या. असा:

पै०१, ११, ४७
पै०१, १२, ९
पै०१, २१, ०
पै०२, ११, ५२

बरेच जण वस्तूंना आडवे रकाने देतात. आठ फेऱ्यांत ते खपते. तिसऱ्या वर्षी नवा प्रकार आला, कोणी एक रकाना मध्येच घातला, की जुन्या फायली जुळेनाशा होतात. उभा तक्ता वाढला तरी मोडत नाही.

सणापासूनचे दिवस हा रकाना आपल्याकडे फार महत्त्वाचा. अनंत चतुर्दशी २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये १७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला. दरवर्षी नेमाने १० सप्टेंबरला फेरी केली तर पहिली दोन वर्षे विसर्जनाच्या आधीचे मोजमाप मिळाले आणि तिसऱ्या वर्षी विसर्जनानंतर चार दिवसांचे. तारीख तीच आणि घाट तोच, पण कारण पूर्ण वेगळे. नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला येते, तीही इंग्रजी महिन्यात मागेपुढे सरकते. म्हणून ‘मार्च विरुद्ध मार्च’ अशी तुलना डोळे झाकून करू नका.

सफाईचा आणि पाणी सोडल्याचा रकाना याच कारणासाठी. जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि खालचा काठ धुऊन निघाला, तर पुढच्या फेरीत आकडा घसरतो. तो कचरा कमी झालेला नसतो, पुढच्या गावी गेलेला असतो. पडून असलेला साठा आणि रोज पडणारी भर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भर मोजायची असेल तर टप्पा पूर्ण साफ करा, बरोबर सात दिवसांनी परत मोजा आणि सातने भागा. साठ्याचा आकडा दिवसांनी भागू नका.

देवनागरीत भरलेल्या तक्त्याच्या चार अडचणी

या अडचणी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत, आणि आपला निम्मा वेळ त्यातच जातो.

पहिली, आकडे. मोबाइलच्या मराठी कळफलकावरून ‘४७’ टाइप केले की एक्सेल त्याला बहुधा संख्या न मानता मजकूर मानते आणि बेरजेत धरत नाही. बेरीज येते, पण कमी येते, आणि कुठेही चूक दाखवली जात नाही. ओळखायची खूण: काही न बदलता संख्या खान्याच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. पायथन या संगणकभाषेतल्या पांडाज या तक्ते हाताळायच्या साधनात तर गंमत वेगळीच होते: मजकूर राहिलेल्या ‘४७’ आणि ‘१२’ यांची बेरीज ‘४७१२’ येते. उपाय असा की रकाना वाचल्यावर त्यातल्या प्रत्येक खान्याला पायथनची ‘इंट’ ही आज्ञा लावा. तिला देवनागरी अंक कळतात. सगळ्यांत बरे म्हणजे भरतानाच इंग्रजी अंक वापरायचे ठरवा.

दुसरी, सारखी दिसणारी अक्षरे. ‘ॲल्युमिनियम’मधला पहिला स्वर एकच अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. ‘दोऱ्या’तला ‘ऱ्य’सुद्धा दोन पद्धतींनी उमटतो. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि तुमची दोऱ्यांची एक रांग दोन रांगांत विभागली जाते. त्यात एकाने ‘पन्नी’, दुसऱ्याने ‘कॅरीबॅग’, तिसऱ्याने ‘पिशवी’ लिहिलेले असतेच. म्हणूनच वस्तूला क्रमांक द्यायचे. ११ म्हणजे कॅरीबॅग, १२ म्हणजे पाण्याची बाटली, २१ म्हणजे गोळ्यांचे रिकामे पाकीट. क्रमांकाची आणि नावाची यादी एका वेगळ्या फायलीत ठेवा आणि शेवटी ‘मर्ज’ करून नावे जोडा. २५ ते ३० प्रकार पुरतात. त्याहून जास्त केले की भर उन्हात उभा असलेला मुलगा यादीत शोधत बसत नाही, ‘इतर’मध्ये टाकतो.

तिसरी, तारीख. ०३/०९/२०२५ ही आपल्यासाठी ३ सप्टेंबर. अमेरिकी मांडणीवर असलेला संगणक तिला ९ मार्च करतो. १२ च्या पुढचे दिवस मात्र त्याला महिना म्हणून बसत नाहीत, ते मजकूर होऊन तसेच राहतात. परिणामी एकाच रकान्यातल्या काही तारखा उलटतात, काही उलटत नाहीत. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा: २०२५-०९-०३. जुन्या फायली पांडाजमध्ये वाचताना ‘डे-फर्स्ट’ (दिवस आधी) हा पर्याय चालू करा आणि महिन्यानुसार किती फेऱ्या पडतात ते एकदा कागदाशी ताडून पाहा.

चौथी, फाइल जतन करणे. एक्सेलमधून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली मजकुराची फाइल) काढली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडायचा.

शून्य लिहिले का?

आठपैकी तीन फेऱ्यांत गोळ्यांची पाकिटे सापडली: ६, ४ आणि ८. उरलेल्या पाच फेऱ्यांत सापडली नाहीत म्हणून कोणी ओळच भरली नाही. आता संगणकाला सरासरी विचारा. तो १८ भागिले ३ करून ६ सांगेल. खरी सरासरी १८ भागिले ८, म्हणजे २.२५. आणि मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, शून्य.

सापडले नाही हीसुद्धा नोंद आहे. पण प्रत्येक फेरीला तीस ओळी भरायचा माणसांना कंटाळा येतो, हेही खरे. ते काम संगणकाला द्या. पांडाजमध्ये ‘पिव्होट टेबल’ आज्ञेने फेऱ्या उभ्या आणि वस्तू आडव्या मांडा, आकडे एकत्र करायची रीत म्हणून ‘सम’ (बेरीज) द्या आणि रिकाम्या जागी ‘फिल व्हॅल्यू’ शून्य ठेवा. आता आठ गुणिले तीस, २४० खाने भरलेले हवेत. नसतील तर कुठेतरी फेरी किंवा वस्तू गळली आहे. एक सावधगिरी: ‘मोजले, सापडले नाही’ आणि ‘मोजलेच नाही’ यांत फरक करा. पाऊस आला म्हणून थोटके मोजायची राहिली, तर तिथे शून्य नको, जागा रिकामीच हवी.

यासाठी महागडे काही लागत नाही. गूगलच्या कोलॅबमध्ये पायथन ब्राउझरमध्येच चालते, मोबाइलवरही उघडते. आज्ञांची नावे इथे वाचायच्या सोयीने देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरांतच करावी लागतात. पायथन नको असेल तर पुढचे बरेचसे गूगल शीटच्या ‘पिव्होट टेबल’मध्ये आणि कागदावरही जमते.

१०० मीटरला किती

ही पायरी छोटी आहे. संख्या भागिले लांबी गुणिले १००. ६० मीटरच्या घाटावर ५७ वस्तू असतील तर १०० मीटरला ९५. हे गणित फेरीच्या पातळीवर, बेरीज झाल्यावर करा. १० मीटरवर मोजून दहापट करू नका. एखादी कचऱ्याची ढिगी त्या १० मीटरमध्ये आली की आकडा फुगतो, नाही आली की कोसळतो. ३० मीटरच्या खालचा टप्पा आम्ही तरी घेऊ नये म्हणू.

मध्यक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे अंतर

सरावासाठी एका घाटाच्या आठ फेऱ्यांचे १०० मीटरचे आकडे असे धरू: ८४, ११२, ९६, ६४०, ७१, १३०, ८८, १०३. बेरीज तीच १,३२४. सरासरी १६५.५. पण आठपैकी सात फेऱ्यांत कचरा १३० च्या वर गेलाच नाही! १६५ वस्तूंचा घाट कोणत्याही साध्या दिवशी कोणालाही दिसलेला नाही. तो आकडा ६४० वाल्या यात्रेच्या फेरीने वर ओढलेला आहे.

चढत्या क्रमाने लावा: ७१, ८४, ८८, ९६, १०३, ११२, १३०, ६४०. मधले दोन ९६ आणि १०३, मध्यक ९९.५. समुद्रकिनाऱ्यांच्या नोंदींतही याच कारणाने मध्यक वापरतात. वादळानंतरची एक फेरी तिथे आपल्या यात्रेसारखीच वागते.

६४० ची फेरी काढून टाकायची का? नाही. ती चूक नाही, ती घडलेली गोष्ट आहे. यात्रेच्या फेऱ्या वेगळ्या गटात ठेवा आणि वेगळ्या सांगा. नगरपरिषदेला दोन्ही माहिती लागते: रोजच्या सफाईला किती माणसे आणि यात्रेनंतरच्या सफाईला किती गाड्या.

मध्यक एकटा सांगणे अपुरे. आठच फेऱ्यांवरून काढलेला आकडा किती हलू शकतो? याला संगणकही लागत नाही. क्रमाने लावलेल्या आठ आकड्यांतला दुसरा आणि सातवा घ्या: ८४ आणि १३०. फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर खरा मध्यक या दोहोंच्या मध्ये असण्याची शक्यता सुमारे ९३ टक्के. हे नाणेफेकीचे गणित आहे: प्रत्येक फेरी खऱ्या मध्यकाच्या वर किंवा खाली पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी, आठ नाण्यांच्या २५६ शक्यतांपैकी १८ मध्येच हे अंतर चुकते. पहिला आणि आठवा घेतला तर ९९ टक्के, पण मग अंतर ७१ ते ६४० होते आणि उपयोगाचे राहत नाही. सहापेक्षा कमी फेऱ्या असतील तर या रीतीने ९५ टक्क्यांची खात्री मिळतच नाही. म्हणून सहा फेऱ्या ही किमान पायरी.

बऱ्याच लेखांत इथे बूटस्ट्रॅप सुचवतात. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही रीत समजायला सोपी आहे. आकडे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. एक काढा, आकडा टिपा, चिठ्ठी परत डब्यात टाका. जितके आकडे तितक्या वेळा काढून मध्यक घ्या. हे सगळे १०,००० वेळा करा, आलेले मध्यक क्रमाने लावा आणि २५० वा व ९,७५१ वा घ्या. पायथनमध्ये हे पाच-सहा ओळींचे काम, ‘चॉइस’ आज्ञेत ‘रिप्लेस’ चालू ठेवायचे. आठ आकड्यांच्या मध्यकासाठी मात्र बूटस्ट्रॅप धडपणे चालत नाही, कारण तेच ते मोजके आकडे फिरून फिरून येतात. वीसेक फेऱ्या जमल्या की वापरा, तोवर वरचीच क्रमाची रीत बरी.

सर्वांत जास्त काय सापडते?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर बहुतेक वेळा चुकीचे निघते. समजा एकूण १,३२४ मध्ये थर्माकोलचे तुकडे ४०० आहेत आणि गुटख्याच्या पुड्या ३१०. थर्माकोल ३० टक्के, पुड्या २३ टक्के. पहिला नंबर थर्माकोलचा. पण थर्माकोल दोनच फेऱ्यांत सापडला आणि पुड्या आठही फेऱ्यांत. प्रत्येक फेरीतला वाटा वेगळा काढून त्याचा मध्यक घेतला तर थर्माकोलचा शून्य येतो.

दोन रकाने शेजारी शेजारी द्या: किती फेऱ्यांत सापडले आणि फेरीतल्या वाट्याचा मध्यक. ज्या वस्तू दोन्हींत वर आहेत त्या रोजच्या सवयीच्या. एकूण बेरजेत वर पण फेऱ्यांत खाली, त्या सणाच्या. उपाय दोन्हींना वेगळा लागतो. एकाला टपरीपाशी डबा, दुसऱ्याला विसर्जनाच्या आदल्या दिवशी मंडळांशी बोलणे.

डबे ठेवले. फरक पडला का?

घाटावर कचऱ्याचे डबे ठेवण्याआधीच्या चार फेऱ्या: ११८, ९६, १३१, १०४. नंतरच्या चार: ८२, ९९, ७७, ९०. सरासऱ्या ११२.२५ आणि ८७, फरक २५.२५. हे आकडेही सरावाचेच.

डब्यांचा काहीच परिणाम नसता तर हे आठ आकडे ‘आधी’ आणि ‘नंतर’मध्ये कसेही वाटले गेले असते. आठातून चार निवडायच्या ७० तऱ्हा आहेत. सगळ्या तऱ्हा संगणकाला काढायला सांगा (पायथनच्या ‘इटरटूल्स’मधली ‘कॉम्बिनेशन्स’) आणि किती तऱ्हांत फरक २५.२५ किंवा जास्त येतो ते मोजा. चारांची बेरीज ४४९ किंवा वर जाणाऱ्या तऱ्हा दोनच: आपलीच एक, आणि ९६ च्या जागी ९९ घेतला ती. उलट दिशेच्याही दोन. ७० पैकी ४, म्हणजे ०.०५७.

आता अहवालात काय लिहायचे? ‘फरक पडला नाही’ असे लिहू नका आणि ‘सिद्ध झाले’ असेही नको. ‘१०० मीटरला सुमारे २५ वस्तू कमी दिसल्या, एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात सहाच्या आसपास, आणखी फेऱ्या हव्यात’ हे खरे वाक्य. तीन-तीनच फेऱ्या असत्या तर तऱ्हा २० आणि सगळ्यांत चांगल्या निकालातही २० पैकी २, म्हणजे ०.१. आधी-नंतर प्रत्येकी किमान चार फेऱ्यांचा आग्रह याचसाठी.

चाचणीपेक्षा मोठा धोका दुसरीकडे आहे. आधीच्या फेऱ्या लग्नसराईतल्या एप्रिल-मेमध्ये आणि नंतरच्या पाणी सोडल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये झाल्या असतील, तर फरक डब्यांचा की गोदावरीचा, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. त्याच दिवसांत डबे नसलेल्या दुसऱ्या घाटावरही फेऱ्या करा. तिथे आकडा तेवढाच उतरला असेल तर श्रेय पाण्याचे.

आणि तीस वस्तूंसाठी तीस वेळा ही चाचणी लावू नका. पाच टक्क्यांच्या (०.०५) रूढ मर्यादेवर तीसपैकी एक-दोन वस्तू काहीही घडलेले नसताना ‘फरक’ दाखवतील. कोणती एक-दोन बघायची ते डबे ठेवण्याआधी ठरवून कागदावर लिहून ठेवा.

वर्षांमागून वर्षे: कल काढणे

चार वर्षांचे मध्यक १२०, ९५, १०४, ८० असे आहेत. सरळ रेषा बसवण्याऐवजी थील-सेन उतार काढा. प्रत्येक दोन वर्षांची जोडी घ्या आणि दरवर्षी किती बदल ते काढा. सहा जोड्या होतात: −२५, −८, −१३.३, +९, −७.५, −२४. क्रमाने लावून मधल्या दोहोंची सरासरी घ्या: −१०.७. म्हणजे वर्षाला १०० मीटरमागे साधारण ११ वस्तूंची घट. एखादे विचित्र वर्ष मध्ये आले तरी हा उतार फारसा ढळत नाही, साधी रेषा ढळते.

या घटीवर विश्वास किती? त्यासाठी किती जोड्या चढत्या आणि किती उतरत्या ते मोजणारी मान-केंडाल चाचणी. सहापैकी पाच जोड्या उतरत्या, एक चढती. चार वर्षांच्या २४ संभाव्य क्रमांपैकी इतका किंवा याहून जास्त एकतर्फी क्रम कोणत्याही एका दिशेने ४ वेळा येतो, दोन्ही दिशा धरून ८ वेळा: ०.३३. म्हणजे एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही. सहाच्या सहा जोड्या उतरत्या असत्या तरी २४ पैकी २, ०.०८३. चार वर्षांत ०.०५ च्या खाली जाताच येत नाही, मग कचरा कितीही घटो. पाच वर्षे सलग उतार असेल तर १२० पैकी २, ०.०१७. तेव्हा तीन वर्षांच्या आकड्यांवर ‘लक्षणीय घट’ अशी बातमी देऊ नका. वर्षाऐवजी फेऱ्या धरल्या तर बिंदू वाढतात, पण मग उन्हाळ्याची फेरी उन्हाळ्याशी आणि पावसाळ्याची पावसाळ्याशीच जोडायची.

युरोपीय संघाने २०२० मध्ये समुद्रकिनाऱ्यांसाठी १०० मीटरला २० वस्तू ही मर्यादा ठरवली. ती घाटाला लावण्याचा मोह टाळा. तिथली वस्तूंची यादी वेगळी, पट्ट्याची रुंदी वेगळी आणि रोज हजारो माणसे ज्या पायऱ्यांवर उतरतात अशी जागाही ती नाही. आपल्या घाटाचे पहिले वर्ष हीच आपली तुलनेची रेघ.

आलेख आणि फायली

आठ फेऱ्यांसाठी खांबांचा आलेख नको. प्रत्येक फेरीचा एक ठिपका काढा, आडव्या अक्षावर तारीख, यात्रेच्या फेऱ्यांचा रंग वेगळा, मध्यकाची आडवी रेघ. ६४० मुळे बाकीचे ठिपके तळाशी चिरडले जात असतील तर लॉग मोजपट्टी (१, १०, १०० अशी दहापटीने वाढणारी) घ्या, पण शून्य तिच्यावर बसत नाही हे लक्षात ठेवा. शून्याच्या फेऱ्या असतील तर यात्रेचा आलेख वेगळाच काढावा. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढायच्या साधनात मराठी शीर्षकाच्या जागी रिकामे चौकोन आले तर देवनागरी फॉन्ट नेमून द्या. नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतो. तरीही जोडाक्षरे सुटी दिसली तर आलेख अक्षरांविना जतन करून मराठी शब्द गूगल डॉक्समध्ये वरून लिहा.

मूळ तक्त्याला पुन्हा हात लावू नका. त्याची प्रत काढा, दुरुस्त्या प्रतीत करा आणि प्रत्येक दुरुस्तीची एक ओळ वेगळ्या फायलीत लिहा: कोणती फेरी, काय होते, काय केले, का. घाटावर भरलेल्या कागदाचा त्याच दिवशी मोबाइलने फोटो काढून फेरीच्या क्रमांकाने जतन करा. कागद ओला होतो, पेन्सिलीच्या रेघा पुसतात, आणि पुढच्या वर्षी ‘पै०४’ मधले ७१ की ९१ हा वाद त्या फोटोवरच मिटतो.